हाडवैद्याचा जबाब

नाही, बसा की, उभ्यानं कसला जबाब घेताय — आणि हा तुमचा कागद आधी त्या लेपाच्या वाटीखालून काढा, डाग पडेल, मग म्हणाल सरकारी कागद खराब केला. वाचला मी. दोनदा वाचला. मुलाला घरात कुणी इजा करतंय असा संशय आला तर कुणी कळवायचं — डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक, अंगणवाडीताई, शाळेतले शिक्षक. छान आहे यादी. यात हाडवैद्य कुठे आहे? नाहीये ना. मग संपला विषय. अहो मॅडम, तीन वर्षांपूर्वी तुमच्याच सरकारची दोन माणसं याच दारात उभी होती. पाटी उतरवायला लावली, पणजोबांच्या वेळची पाटी, म्हणे बोगस डॉक्टर. मी म्हटलं, डॉक्टर म्हणवून घेतलंय कुणी? तर म्हणे, वैद्य तरी कुठे आहात, दाखवा सर्टिफिकेट. आख्खी कसबा पेठ बघायला जमली होती. म्हणजे तेव्हा मी कुणीच नव्हतो, आणि आज तुम्हाला साक्षीदार पाहिजे तर लगेच मी आरोग्यसेवेतला झालो. सोयीचं आहे तुमचं.

हो, हो, समजलं मला, एकदा सांगितलंत ना. बाल संरक्षण कक्ष, सुनीती मॅडम, ओळखपत्र पाहिलं मी. राधा म्हणून चार वर्षांची पोर सरकारी दवाखान्यात आहे, मांडीचं हाड मोडलंय, बाप सांगतो बाथरूममध्ये घसरली, याआधी तिला कधी काही झालेलंच नाही. उद्या अकरा वाजता बालकल्याण समिती बसणार आणि पोर बापाकडे परत द्यायची का नाही ते ठरवणार. आणि तिची आई, बाप जवळ नसताना, एवढंच पुटपुटली, की मागे हात मोडला होता तेव्हा कसब्यात नेलं होतं. बरं मग? माझ्याकडे दिवसाला तीस माणसं येतात — कुणाचा खांदा निखळलेला, कुणाचा घोटा मुरगळलेला — मी नाव लिहीत नाही, वही ठेवत नाही, एक्स-रे मागत नाही. लेप लावतो, बांबूच्या कामट्या बांधतो, पुढच्या गुरुवारी या म्हणतो. चार वर्षांच्या पोरी काय कमी येतात? आठवत नाही. लिहा तसं, आठवत नाही म्हणाले.

काय? कोण म्हणालं? दवाखान्यातले डॉक्टर? म्हणजे त्यांना एक्स-रेमध्ये दंडाचं हाड जुळलेलं दिसलं आणि ते म्हणतात, इतकं सरळ जुळलंय म्हणजे नुसती चीर गेली असेल, आपोआप भरली असेल? आपोआप? — वा. चार पिढ्या आम्ही काय इथे गोट्या खेळलो? चीर नव्हती मॅडम ती. दोन तुकडे होते, दोन, एकावर एक चढलेले. ते हाड मी या दोन हातांनी ओढून समोरासमोर आणलंय, आणि तुमचा डॉक्टर म्हणतो आपोआप. आणि एक्स-रेशिवाय हाड कसं मोडलं ते कळणं शक्य नाही म्हणे. त्यांना नसेल. पोर पडलं तर हात टेकतं, मग मनगट जातं, नाहीतर कोपराच्या जरा वर मोडतं. हे दंडाच्या मधोमध होतं, आणि तिरकं — ओलं फडकं पिळतात ना, तसं पिळून मोडलेलं. वरून चार बोटांचे निळे वळ, आतल्या बाजूला अंगठा. मोठ्या माणसाचा पंजा, हे सांगायला कॉलेजात जावं लागत नाही. आणि गळ्याखालच्या हाडावर हरभऱ्याएवढी गाठ, आधी कधीतरी मोडून जुळलेली, ती कुणालाच माहीत नव्हती, माझ्या बोटाला लागली. बांधताना दांडगे पैलवान बोंबलतात इथे. ती पोर हूं की चूं नाही. बापाकडे बघत होती.

थांबा. काय लिहिताय?

… लिहिलंत सगळं? म्हणजे मला डिवचण्यासाठीच सांगितलंत का ते डॉक्टरांचं? नाही? असो. आता विचाराल, कळलं होतं तर कळवलं का नाही. विचारा ना. कुणाला कळवू? पोलीस आले की पहिला प्रश्न मलाच — तुम्ही कोण हाडं बसवणारे? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. घरात दोन भाऊ, त्यांच्या बायका, सगळे याच दुकानावर. तरी मी तिच्या आईला म्हटलं, हळूच म्हटलं, पोरीला घेऊन जरा माहेरी जाऊन या. ती मान हलवून गेली. पुढच्या गुरुवारी पट्टी बदलायला परत बापच घेऊन आला. त्याच्या पुढच्यालाही तोच. तीन गुरुवार आली पोर माझ्यासमोर. मी तिला चिक्की दिली, मॅडम. चिक्की.

आणि ऐकायचंय अजून? मला अभिमान वाटला होता. हा तिचा बाप, तिकडचा खराडीचा माणूस, मोठ्या कंपनीतला, गाडी लांब लावून या बोळात चालत आला. मी बायकोला म्हटलं, बघ, पावलोपावली हॉस्पिटलं आहेत तिकडे, कंपनीचा विमा आहे, तरी माणसं आपल्या हाताचा गुण शोधत येतात. असा फुगलो होतो मी. मूर्ख. अहो, तो गुणासाठी आला नव्हता. हॉस्पिटलात कागद झाला असता, कुणीतरी विचारलं असतं, कुणीतरी तुम्हाला फोन केला असता. इथे कागद होत नाही आणि इथला माणूस तोंड उघडणार नाही, हे त्यानं दारातच ओळखलं. मला त्यानं बरोबर ओळखलं.

द्या तो पेन. कुठे, इथे? बद्रीनाथ. हे खाली रिकामं ठेवलंय तिथे लिहा, दोन तुकडे, पिळून मोडलेलं, बोटांचे वळ मी स्वतः पाहिले. समितीपुढे बोलवा, येतो. त्या बापाच्या तोंडावर सांगतो. माझं काय व्हायचं ते होऊ दे.

आभार? माझे? मॅडम, तिची मांडी परवा मोडली. हात मी श्रावणात बांधला होता, आणि आता दिवाळी होऊन गेली. निघा तुम्ही.