स्कोअरबोर्डची मराठी बटणं

परवा मला घरी बसवायला निघाले होते रे. घाटकोपरच्या बर्फाच्या रिंकवर हॉकीच्या मॅचचं घड्याळ मी चालवतो, ते तुम्हाला ठाऊक आहेच. तिथला जुना बोर्ड काढून कॉम्प्युटर बसवला आणि बटणं सगळी इंग्रजीत. मी चौथी शिकलेला, तेही मराठीत.

मॅनेजर म्हणाला, “काका, जमत नसेल तर आराम करा. दुसरा माणूस बघतो.”

मी खुर्ची सोडली नाही. सॉफ्टवेअर टाकणाऱ्याला विचारलं, “बटणावरची नावं बदलता येतात?”

“येतात ना. हवं ते लिहा.”

“मग मराठीत लिही. सुरू, थांब, गोल.”

“आणि खेळाडूला शिक्षा म्हणून दोन मिनिटं खेळातून काढतात, त्याला?”

“बाहेर बस.”

तो हसला, पण लिहिलं त्याने. संध्याकाळची अख्खी मॅच मी चालवली, कुठे अडलो नाही. मॅनेजर मागे उभा राहून स्क्रीन बघत होता. पोरगा मुलुंडचा, आडनाव आपल्यातलंच, पण शाळा इंग्रजी.

“काका, मला हे पटकन वाचता येत नाही. तुम्ही आला नाहीत तर मी काय करू?”

मी म्हटलं, “शिका. तुमचं वय आहे अजून.”