संद्याचं एअर इनटेक

आमच्या संद्याचं ऐका. इवल्याशा गाडीला रेसिंगचं एअर इनटेक, म्हंजे इंजनात हवा ओढणारी नळी, बसवायचं ह्याच्या डोक्यात आलं. शाहूपुरीतल्या दुकानदारानं दोन दाखवली.

"ह्यानं इंजनाला गार हवा मिळती. त्यानं नुसता आवाज वाढतोय."

साहेबांनी अर्थातच आवाजाचं घेतलं!

दुसऱ्याच दिवशी होणाऱ्या सासऱ्यांना शेजारी बसवून, छाप पाडायला म्हणून पन्हाळ्याला निघाला. घाटात गाडी नुसत्या डरकाळ्या फोडत होती. तेवढ्यात मागनं दुधाचा टेम्पो आला आणि आरामात पुढं गेला. जाताजाता टेम्पोवाला ओरडला, "पावणं, ढकलू काय?"

संद्या लालेलाल झाला. सासऱ्यांनी शांतपणे पट्टा सोडला.

"जावईबापू, मी चालत म्होरं हुतो. तुमी या निवांत, आवाज करत."