हात दाखवला का थांबणारी गाडी

कलकत्त्याच्या ट्राम बंद होऊन राह्यल्या म्हणता, त्याच्यावरून सांगतो. आमचे बाबा फौजेत असताना तिकडं होते. गावाले परत आल्यावर ते चौकात सांगत, तिथं भर रस्त्यानं रेल्वे चालते, हात दाखवला का थांबते, अन् डायवर पायानं घंटी वाजवते.

आमच्या गावाले टेशन हाय. रेल्वे कोणासाठी थांबत नाई, हे लेकरालेबी ठाऊक. सारे हासत. "फौजीनं आज पुन्हा गाडी थांबवली," म्हणत. एक दिवस मीच सगळ्यांसमोर म्हटलं, "बाबा, रेल्वे का ऑटो हाय? कायले हसं करून घेता?"

त्यानंतर त्यायनं ट्रामचं नाव काढलं नाई. मरेपर्यंत नाई.

औंदा कामानं कलकत्त्याले गेलो. समोरून ट्राम येऊन राह्यली होती. थांबा लांब होता, तरी मी हात वर केला. गाडी हळू झाली अन् माह्यापुढं थांबली. चढून पाह्यलं, तं डायवर पायानं घंटी वाजवून राह्यला होता. म्या मोबाइल काढून व्हिडिओ घेतला.

गावात आल्यावर चौकात सांगितलं, बाबा सांगत अगदी तसंच. सारे हासले. एक म्हातारा म्हणे, "बापावर गेला."

खिशात मोबाइल होता, त्यात ट्रामचा व्हिडिओ होता. दाखवला नाई.

बाबांजवळ कुठं होता व्हिडिओ?