गाडी ठणठणीत आहे, रस्ता खराब आहे

...आणि वर मला म्हणते कशी, "तुम्ही या गाडीने, मी रिक्षाने येते." आता तुम्हीच सांगा! दारात स्वतःची चारचाकी उभी, रोज सकाळी मी ती फडक्याने पुसतो, आणि बायको माहेरी जाते रिक्षाने! डोंबिवलीहून कल्याणला एक रिक्षा, तिथून शहाडला दुसरी, आणि मागून मी एकटा, बाजूच्या सीटवर मिठाईचा पुडा, त्याला बेल्ट लावलेला! सासूबाई मीराबाई दारातच उभ्या. आधी लेकीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळूच मला बाजूला घेऊन विचारतात, जावईबापू, काही झालंय का दोघांत? काय सांगणार त्या माउलीला? काही झालं नाही हो, गाडी ठणठणीत आहे, रस्ता खराब आहे!

तुम्हाला सांगतो, वर्षभर गाडीचं असंच चाललेलं. स्पीडब्रेकर आला, खड् खड्. वळण आलं, खड्. स्टिअरिंग चार बोटं इकडे फिरवा, चार बोटं तिकडे फिरवा, चाकांना पत्ताच नाही! सरळ जायचं तरी ताक घुसळल्यासारखे हात सारखे हलते ठेवायचे. मेघना, म्हणजे आमची ही, रोज म्हणायची, अहो, गाडी दाखवून आणा. मी म्हणायचो, गाडी ठणठणीत आहे, रस्ता खराब आहे. आणि खोटं होतं का ते? आमच्या सोसायटीपुढचा रस्ता तुम्ही बघितला नाहीत... शोरूममधून कालच आणलेली गाडीसुद्धा तिथे खडखडायची! पुढचा टायर एकाच कडेने झिजून गुळगुळीत झाला. टायरवाला म्हणाला, साहेब, पुढे काहीतरी ढिलं झालंय, दाखवून घ्या. मी म्हटलं, अरे बाबा, रस्त्याला त्या बाजूला उतार आहे! मी तर पुढाकारच घेतला हो. रस्त्यासाठी महापालिकेला तेहतीस सह्यांचा अर्ज दिला. खड्ड्यात खुर्ची टाकून बसलो. पेपरात फोटो आला, त्यात खुर्ची पूर्ण आली, मी अर्धा.

आणि त्याच आठवड्यात मेघना बाजूला बसलेली, समोरून टेम्पो, मी स्टिअरिंग वळवतोय, वळवतोय, आणि गाडी आपली विचार करतेय! वळली शेवटी, टेम्पोच्या आरशाला घासून. मेघनाने पर्स उचलली, खाली उतरली, आणि तेव्हापासून रिक्षा.

मग काय व्हावं? रस्ता झाला! काँक्रीटचा, एकदम सपाट! सोसायटीने मला हार घातला. मी म्हटलं, मेघना, आता तरी बस. ती म्हणाली, आधी एक चक्कर एकट्याने मारून या. मारली. गेटपासून नाक्यापर्यंत, एक खड्डा नाही, एक भेग नाही... खड्, खड्, खड्! अख्खी सोसायटी गॅलरीत उभी राहून ऐकतेय आणि माझ्या गळ्यात अजून हार! कुठे तोंड लपवू असं झालं मला. परत आलो तर मेघना गेटवर. "रविवारी सुशांतचा साखरपुडा आहे," एवढंच म्हणाली. सुशांत म्हणजे तिचा धाकटा भाऊ. म्हणजे सगळं माहेर जमणार, आणि त्या सगळ्यांसमोर मी पुन्हा मिठाईच्या पुड्याला घेऊन उतरणार!

गेलो मुकाट्याने सुमितच्या गॅरेजला. त्याने जॅक लावला, पुढचं चाक उचललं, डाव्या-उजव्या बाजूंनी दोन हातांनी धरलं आणि हलवलं. टक् टक्. दुसऱ्या चाकाचंही तेच. म्हणाला, काका, टाय रॉड एंड गेलेत. म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की चाक वळवणारा जो दांडा असतो ना, त्याच्या टोकाचा सांधा. त्याच्यावरचं रबर फाटलेलं, आतलं ग्रीस गेलेलं, धूळ शिरून सगळं झिजलेलं. मी म्हटलं, रस्त्यामुळेच ना पण? सोडतो का मी!

"रस्त्यामुळेच," तो म्हणाला. "पण काका, रस्ता भरला म्हणून हा भरून येत नाय."

मी म्हटलं, बरं, मग जास्त गेलाय तो एकच बदल. तर म्हणतो, चप्पल तुटली की एकाच पायाची घेता का? दोन्ही काढायला घेतले. आता त्याची पद्धत अशी, की जुना पार्ट किती फेरे फिरवून निघाला ते मोजायचं आणि नवा तेवढेच फेरे फिरवून बसवायचा, म्हणजे मशीनवर चाकं सरळ करून देतात त्या अलाइनमेंटवाल्याकडे पोचेपर्यंत तरी चाक सरळ राहतं. तो मोजतोय, आणि मी आपला बाजूला उभा राहून त्याला रस्त्याची सगळी हकीकत सांगतोय, नुसतं गप्प कसं उभं राहणार? तो म्हणाला, काका, जरा थांबा ना, मी मोजतोय. मी म्हटलं, मोज की, मी कुठे अडवलंय तुला, मी फक्त सांगतोय, बारा नाही, वीस नाही, तेहतीस सह्या...

"चौतीस," सुमित म्हणाला, आणि पाना खाली ठेवला. त्या दांड्याला तेवढे आटेच नव्हते!

बसवला अंदाजाने. मग काय, गाडी सरळ तर स्टिअरिंग वाकडं, स्टिअरिंग सरळ तर गाडी गटाराकडे! तशीच रांगत अलाइनमेंटला नेली. सुमित सोबत आला, आणि तिथल्या माणसाला पहिलं वाक्य काय म्हणाला असेल? काकांना बाहेर बसवा! मला! गाडीच्या मालकाला!

असो. रविवार उजाडला. गाडी सुरू केली, आवाज नाही. बोटभर वळवलं की बोटभर वळते. मेघना आली, एकदा गाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि बसली हो! खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. डोंबिवली ते शहाड, खडखडाट नाही, हिसका नाही. मी तिला सगळं समजावून सांगितलं, रबर कसं फाटतं, ग्रीस कुठून जातं, फेरे का मोजायचे, अर्जावर पहिली सही कोणाची, दुसरी कोणाची... शहाड येईपर्यंत एकोणिसाव्या सहीपर्यंत पोचलो होतो. सासूबाईंनी दोघांना एकाच गाडीतून उतरताना बघितलं आणि कौतुकाने माझ्या पाठीवरून हात फिरवला. साखरपुडा झकास झाला.

निघायच्या वेळी मी गाडी हॉलच्या दारात आणून लावली, तर मेघना रिक्षा थांबवतेय! मी म्हटलं, अगं, आता काय राहिलं? सांधे नवे, रबर नवं, अलाइनमेंट झालं, खडखड गेली!

"तेच ना," ती म्हणाली. "ती होती तेव्हा तुमचं बोलणं निम्मंच ऐकू यायचं."

आणि बसली रिक्षात. सासूबाई दारातून बघतायत. मी काय करणार? निघालो मागून. पण तुम्हाला सांगतो, कल्याणपर्यंत गाडी त्या रिक्षाच्या मागे अगदी सरळ रेषेत चालत होती!