दुपारच्या पाळीआधी

डॉक्टरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटी नर्सच्या गणवेशात होती.

"ताई, घरी जाऊया. मला काही झालेलं नाही."

"मग सकाळपासून एवढी घाबरलीस कशाला?"

"काल मी एका आजोबांना भलतंच इंजेक्शन देणार होते. त्यांच्या मुलीनं माझा हात धरला म्हणून ते वाचले."

"बाई गं! मग?"

"मग मला काहीच वाटलं नाही, ताई. त्याचीच भीती वाटतेय."

"सुट्टी कधी घेतली होतीस?"

"पाच महिने झाले. मागितली तर मेट्रनबाई म्हणतील, हिला झेपत नाही."

"झेपतंय का?"

धाकटीनं फोन लावला.

"मेट्रनबाई, मी दुपारी येत नाहीये. नाही, ताप नाही. पण आज माझ्या हाती पेशंट देऊ नका."