चिंचेचं खोड आणि कबड्डीचं मैदान

आमच्या नगरपंचायतीला हसता ना तुम्ही? मग हे ऐकाच.

मुलींच्या कबड्डी स्पर्धेची जबाबदारी माझ्याकडे होती. आदल्या दुपारी वादळ आलं आणि चिंचेचं जुनं झाड मैदानावर आडवं झालं. फांद्या आम्ही कापल्या, पण खोड काही हलेना. जेसीबी हायवेवरची झाडं काढायला गेलेला. सकाळी देवरीच्या पोरी येणार होत्या. शेवटी स्पर्धा रद्द झाल्याचं कळवायला मी फोन काढला.

तेवढ्यात आमच्या सफाई कर्मचारी शकुंतलाबाई ओरडल्या, "सर, फोन ठेवा! खोड कायले हलवून राहिले? मैदानच हलवा ना!"

जागा होतीच. आम्ही पलीकडे झाडून, माती दाबून चुन्यानं नव्या रेषा आखल्या. दुसऱ्या दिवशी त्या खोडावर गाव दाटीवाटीनं बसलं.

उद्घाटनाला आलेल्या साहेबांनी विचारलं, "बसायची ही सोय कोणाची आयडिया?"

मी शकुंतलाबाईंना पुढे आणलं. साहेबांनी आपल्या हातातला नारळ सरळ त्यांच्या हातात दिला. माझी छाती फुगली, राजेहो!

बाईंनी एका फटक्यात नारळ फोडला आणि म्हणाल्या, "साहेब, आता रेषेच्या बाहेर व्हा. पोरी खेळाले थांबून राहिल्या."