ती व्यक्ती

पोलीस चौकीच्या खिडकीसमोर रांगेत उभी होते. सकाळचा नेम राहिला होता, म्हणून मनातल्या मनात नाम घेत होते; पण पुढच्या सासूसुनेचं बोलणं कानावर पडतच राहिलं.

“मी बोलते. माझा भाचा आहे म्हणून सांगते.”

“नको आई. तो माझा भाऊ आहे, परदेशी आहे. तेच सांगायचं.”

“परदेशी म्हटलंस की हुसकून लावतील. कालपासून पोराला डांबलंय, का ते कुणी सांगत नाही, आणि तुला खऱ्याचा पुळका.”

“मत द्यायचा हक्क नागरिकाला. पण का धरलं, हे विचारायचा हक्क व्यक्तीला आहे. वकीलबाईंनी घटनेतला तो शब्दच दाखवला मला. भाऊ नागरिक नसला तरी तो व्यक्ती आहे.”

“ती व्यक्ती म्हणावं. पुरुष असला तरी ‘ती’च.”

“मग मीही ती, तुम्हीही ती.”

“आणि तो खिडकीतला हवालदार?”

“तोही.”

“बघून वाटत नाही गं.”

रांग सरकली. सून खिडकीशी गेली.

“कोण तुम्ही त्याच्या?”

“बहीण. त्याला का धरलं ते सांगा.”

“इथल्या नागरिक आहात?”

“नाही.”

“मग प्रश्न आम्ही विचारायचे. व्हा बाजूला. पुढचं कोण?”

“मी.” सासू खिडकीशी आली.

“मावशी, तुम्ही इथल्याच ना? बोला, काय काम?”

“माझं काही काम नाही. माझा नंबर मी हिला दिला. हं, विचार गं परत.”